सात दिवसांचा प्रश्न आणि तीस दिवसांचा प्रश्न

सूत घेताना आमचा यंत्रमागवाला कोन हातात घेऊन पाहतो, काउंट विचारतो, पोत्याचे वजन करून घेतो. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलात दोन रुपयांचा फरक निघाला तर किराणा दुकानदार पोऱ्याला उलट्या पावली परत पाठवतो. हीच माणसे वर्तमानपत्रात ‘६० टक्के ग्राहकांची रेडीमेड कपड्यांना पसंती’ अशी ओळ वाचतात तेव्हा मात्र काही विचारीत नाहीत. साठ टक्के कोणापैकी? कोणाला गाठले, कोणी गाठले, प्रश्न काय केला? माल पारखून घेणारा माणूस आकडा मात्र न पारखताच घरी नेतो.

आणि आकड्यावर पैसा लागतो. कर्जासाठी बँकेत जो प्रकल्प अहवाल द्यावा लागतो, त्यात ‘बाजारपेठेचे सर्वेक्षण’ नावाचे एक पान असते. असे काही अहवाल आम्ही चाळले आहेत. एका गावच्या शिलाई युनिटसाठी लिहिलेले पान दुसऱ्या गावच्या बेकरीच्या अहवालात जवळजवळ तसेच, फक्त मालाचे नाव बदलून आलेले आम्हाला दिसले. सर्वेक्षण असे कागदावरचे असले तरी कर्ज खरे असते, हप्ता खरा असतो आणि तारण ठेवलेले घरही खरे असते. म्हणून पाहणी कशी करतात, ती कुठे बिघडते आणि हाती आलेला आकडा कसा तपासावा, याविषयी आम्ही या वेळी जरा सविस्तर लिहीत आहोत. सुरुवात आपल्याच देशातल्या एका गोष्टीने करू. तिचा संबंध सरकारशी आणि गरिबीशी आहे, पण कापड विकणाऱ्याने ती मुद्दाम वाचावी.

आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे जनक. देशातल्या प्रत्येक घरी जाणे शक्य नाही, म्हणून शास्त्रशुद्ध रीतीने काही गावे, काही मोहल्ले आणि त्यांतली काही घरे निवडायची आणि घरात काय काय खर्च झाला ते विचारायचे, अशी ही पद्धत. देशात गरीब किती, याचा हिशेब पुढे याच खर्चावरून मांडला जाई. आता प्रश्न असा की, खर्च विचारायचा तो किती दिवसांचा? सुरुवातीच्या वर्षांत प्रयोग करून ‘गेल्या तीस दिवसांत’ असे विचारायचे ठरले आणि दीर्घकाळ तेच चालू राहिले. बाहेरच्या कित्येक देशांत खाण्यापिण्याचा खर्च सात दिवसांचा विचारतात. तीस दिवसांचे कोणाला आठवते, असा आक्षेप आपल्याकडेही येऊ लागला. तेव्हा १९९४ ते १९९८ या काळातल्या फेऱ्यांमध्ये नमुना पाहणीने एक प्रयोग केला. काही घरांना जुना, तीस दिवसांचा तक्ता दिला आणि काही घरांना नवा. नव्यात खाण्याच्या वस्तूंसाठी सात दिवस विचारले होते. कोणत्या घराला कोणता तक्ता द्यायचा, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवलेले. म्हणजे दोन्ही गटांतली माणसे सारखीच, फरक फक्त प्रश्नातला.

निकाल पाहून अर्थशास्त्रज्ञ थक्क झाले. सात दिवसांचा प्रश्न ज्यांना विचारला, त्यांचा खाण्याचा खर्च महिन्याच्या हिशेबात सुमारे ३० टक्के जास्त निघाला. एकूण खर्च सुमारे १७ टक्के जास्त. आपल्या देशात दारिद्र्यरेषेच्या आसपास माणसांची एवढी दाटी आहे की, १७ टक्क्यांच्या फरकाने गरिबांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. सुमारे २० कोटी माणसे कागदावर गरिबीतून बाहेर आली. त्यांच्या ताटात एक भाकरीही वाढली नव्हती. फक्त विचारणाऱ्याने ‘महिन्यात’ या शब्दाऐवजी ‘आठवड्यात’ म्हटले होते.

असे का होते, हे आम्ही आमच्याच घरी करून पाहिले. गेल्या आठवड्यात गोश्त किती आणले, असे घरात विचारले. उत्तर आले, तीन वेळा. खाटकाकडची वही पाहिली तर दोनच नोंदी होत्या. तिसरी त्याच्या आदल्या आठवड्यातली. खोटे कोणी बोलले नव्हते. नवव्या दिवशीची खरेदी आठवणीत अलीकडे सरकून आठवड्यात येऊन बसली होती, एवढेच. उलट महिन्याचे विचारले की, कोथिंबीर, चहा, मुलांना दिलेली बिस्किटे गळून जातात. आठवडा विचारला की आकडा फुगतो, महिना विचारला की आक्रसतो. पुढे घरोघरी रोज वजन करून केलेल्या तपासणीतही साधारण असेच दिसले. धान्यासाठी महिन्याचे उत्तर बरे, तर भाजी, फळे, अंडी, मांस-मच्छी यांसाठी आठवड्याचे.

१९९९-२००० च्या मोठ्या फेरीत मग तडजोड झाली. एकाच घराला एकाच वस्तूसाठी दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी विचारले. हा तर मोठाच गोंधळ. ज्याने आठवड्याला दोन किलो साखर सांगितली, तो महिन्याला पाच किलो कसा सांगेल? तो मनात गुणाकार करून आठ म्हणणारच. त्या फेरीवरून देशातली गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली, असे जाहीर झाले आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञाने (त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले) हा गुंता सोडवण्यासाठी पुष्कळ काम केले. त्यांच्या हिशेबाने घट खरी होती, पण जाहीर झाली तेवढी नव्हती. हा प्रश्न जुना झाला असेही नाही. २०११-१२ च्या पाहणीत काही घरांना जुन्या पद्धतीने विचारले आणि काहींना नव्या मिश्र पद्धतीने. जागतिक बँकेच्या मोजपट्टीवर त्याच वर्षाची भारतातली गरिबी जुन्या पद्धतीने २१.२ टक्के भरली आणि नव्या पद्धतीने १२.४ टक्के. देश तोच, साल तेच.

ही नवी मिश्र पद्धत आमच्या कापड, चप्पल आणि भांडी विकणाऱ्या वाचकांच्या कामाची आहे. तिच्यात भाजी, अंडी, मांस, तेल सात दिवसांचे विचारतात, धान्य तीस दिवसांचे आणि कपडे, पादत्राणे, टिकाऊ वस्तू ३६५ दिवसांच्या. कारण उघड आहे. कपडा कोणी दर आठवड्याला घेत नाही. ईदला घेतो, दिवाळीला घेतो, लग्नाला घेतो, शाळा उघडताना घेतो. ‘गेल्या तीस दिवसांत कपड्यावर किती खर्च केला’ असे ऑगस्टमध्ये शंभर घरांत विचारा. ऐंशी-पंच्याऐंशी घरे ‘काही नाही’ म्हणतील आणि ज्यांच्याकडे शादी झाली ती पाच-दहा घरे मोठे आकडे सांगतील. त्यावरून ‘या मोहल्ल्यात कपड्याला गिऱ्हाईकच नाही’ असे म्हणणारा जेवढा चुकेल, तेवढाच रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत पाहणी करून त्या विक्रीला बाराने गुणणाराही चुकेल. नमुना पाहणी वर्षभर पसरलेली असते ती याचसाठी.

इथे आणखी एक खड्डा आहे, आणि तो खास आपल्या बाजारातला. इंग्रजी महिन्यांची तुलना. २०२४ साली आपल्याकडे ईद ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे २०२४ च्या एप्रिलमध्ये ईदच्या खरेदीचे शेवटचे दहा दिवस आले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये एकही दिवस आला नाही. ज्या दुकानाची खरी विक्री ईदलाच होते, त्याने एप्रिलची एप्रिलशी तुलना केली तर त्याचा धंदा बुडालेला दिसेल. मार्च आणि एप्रिल मिळून पाहिले तर काहीच झालेले नाही. संगणकावर विक्रीचा आलेख काढून देणारी तरुण मुले आता दुकानोदुकानी आहेत. हुशार आहेत, पण चाँद त्यांच्या आलेखात नसतो.

सीमेवरची रोपे

आठवड्याच्या प्रश्नात बाहेरची खरेदी आत शिरते, हे आपण पाहिले. हीच गोष्ट शेतात एका मराठी शास्त्रज्ञाने त्याच्याही आधी दाखवली होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत होते. शेतातले उत्पन्न किती, हे ठरवण्यासाठी शेताचा छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून एकराचा हिशेब लावायचा, अशी रीत होती. काही ठिकाणी दोन-तीन फूट त्रिज्येचे छोटे वर्तुळ घेत. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले की, तुकडा जितका लहान तितके उत्पन्न खोटेच जास्त दिसते. कारण रेषेवर उभे असलेले रोप आत की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. मोठ्या तुकड्यात अशा चार-दोन रोपांनी काही बिघडत नाही. छोट्या वर्तुळात मात्र सीमाच जास्त आणि आतली जागा कमी. सात दिवसांचा आठवडा हे असेच छोटे वर्तुळ आहे.

मालाची मोजदाद करणाऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. सीमेवरच्या गोष्टी कोणत्या बाजूला धरायच्या, हे आधी ठरवले नाही तर मोजणाऱ्याच्या मनाप्रमाणे आकडा हलतो. दोन माग स्वतःचे आणि चार भाड्याचे चालवणारा माणूस मालक धरायचा की मजूर? दिवसा शाळेत शिपाई आणि रात्री शिवणकाम करणारा कारागीर कोणत्या खात्यात घालायचा? देशातल्या हातमाग कामगारांची संख्या २००९-१० च्या गणनेत ४३.३१ लाख होती आणि २०१९-२० च्या गणनेत ३५.२२ लाख. आठ लाख माणसांनी माग सोडला, असे भाषणात म्हणायला ते सोयीचे आहे. माग सोडणारे पुष्कळ आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण किती, हे म्हणण्याआधी दोन्ही वेळी हातमाग कामगार कोणाला म्हटले, याची व्याख्या शेजारी ठेवून वाचलीच पाहिजे.

कोणाला विचारले?

वरणाच्या पातेल्यातून एक पळी घेतली की, मीठ बरोबर आहे का ते कळते. सगळे पातेले कोणी खाऊन पाहत नाही. मात्र वरण ढवळलेले हवे. बिर्याणीच्या डेगेची गोष्ट वेगळी. ती ढवळत नाहीत. वरचा थर चाखून तळाच्या मसाल्याचा अंदाज येत नाही, डाव खालपर्यंत घालावा लागतो. आपली शहरे बिर्याणीसारखी थराथरांची आहेत. बाजारपेठेच्या तोंडावरची दहा दुकाने विचारून गल्लीतल्या दोनशे कारखान्यांचे दुखणे कळायचे नाही. म्हणून जाणकार आधी थर पाडतात. दोन-चार माग असलेले वेगळे, पंचवीसच्या वरचे वेगळे, मजुरीवर कापड विणून देणारे वेगळे. मग प्रत्येक थरातून नमुना घेतात.

संख्या मोठी असली की आकडा खरा, हा समज फार पसरलेला आहे. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. सुमारे २४ लाख उत्तरे आली. त्यावरून लँडन ५७ टक्के मते घेऊन जिंकणार, असे त्यांनी छापले. जिंकले रूझवेल्ट, सुमारे ६१ टक्के मते घेऊन. पत्ते टेलिफोनच्या यादीतून, मोटारमालकांच्या यादीतून आणि वर्गणीदारांतून घेतलेले होते. त्या मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती? शिवाय चारांतल्या तिघांनी उत्तरच दिले नाही, आणि चिडलेला माणूस उत्तर देण्यात जास्त तत्पर असतो. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले. दोन वर्षांत ‘डायजेस्ट’ बंद पडले.

न आलेल्या उत्तरांपेक्षाही एक फसवी गोष्ट म्हणजे बाजारात आता नसलेली माणसे. आमच्याकडे कोणी विचारत येतो, बेकरीचा धंदा कसा आहे? तो पाच बेकरीवाल्यांना भेटलेला असतो आणि पाचही जणांचे बरे चाललेले असते. ज्या तीन बेकऱ्या बंद पडल्या, त्यांचे मालक आता रिक्षा चालवतात. ते त्याला भेटलेले नसतात. जगलेल्यांनाच विचारले तर रोग साधाच वाटणार.

मग विचारायचे तरी किती जणांना? एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवला तर पुरे. नीट चिठ्ठ्या टाकून निवडलेली ४०० माणसे असतील तर टक्केवारी पाचएक टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकते. शंभर असतील तर दहाने. चूक निम्मी करायची तर माणसे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. ४०० ची १,६०० केली की ती अडीचवर येते. शहर दोन लाखांचे आहे की वीस लाखांचे, याने यात फारसा फरक पडत नाही. पण त्या ४०० मध्ये विणकर ४० च असतील आणि कोणी ‘विणकरांपैकी ५५ टक्के’ म्हणू लागला, तर ते ५५ खरे ४० असू शकतात किंवा ७० सुद्धा. पाहणी मोठी आणि निष्कर्ष तिच्या एका कोपऱ्यावरून काढलेला, हा प्रकार वर्तमानपत्रांत रोज दिसतो.

सरासरीबद्दल फार लिहीत नाही. दहा दुकानदार आहेत. नऊ जणांना दिवसाला ५०० रुपये सुटतात आणि दहाव्याला १५,५०० रुपये. सरासरी निघाली २,००० रुपये. त्या गल्लीत २,००० रुपये मिळवणारा एकही माणूस नाही. अशा वेळी सर्वांना ओळीने उभे करून मधल्याला विचारावे.

प्रश्नच चुकला तर

१९८५ साली कोकाकोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली. सुमारे दोन लाख लोकांना डोळे झाकून चव दिली होती आणि नवी चव जास्त जणांना आवडली होती. नमुना मोठा, पैसा मुबलक. २३ एप्रिलला नवे पेय आले आणि अमेरिकाभर संताप उसळला. जुलैमध्ये जुने पेय परत आणावे लागले. घोटभर चव कोणती बरी, एवढेच बहुतेकांना विचारले होते. जुने पेय कायमचे बंद केले तर चालेल का, हे नीट विचारलेच नव्हते. कापडाचा तुकडा हातात देऊन ‘मऊ कोणता’ विचारणे आणि ‘हाच घेऊन नेहमीचा सोडाल का’ विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे अडचण आणखी नाजूक आहे. दारात आलेल्याला आपली माणसे नाही म्हणत नाहीत. ‘आम्ही स्वस्तात सलवार सूट शिवून विकणार आहोत, घ्याल का?’ असे विचारा, दहांतल्या आठ घरी ‘हो हो, का नाही’ ऐकू येईल आणि वर चहा मिळेल. त्या आठांवर विसंबून मशीन घेऊ नये. ‘मागचा सूट कुठून घेतला? शिवलेला की कापड घेऊन शिवून घेतला? किती पडले?’ असे विचारावे. झालेल्या गोष्टीत माणूस सहसा शिष्टाचार आणत नाही. आणि अगदी पुढचेच विचारायचे असेल तर नमुना दाखवून शंभर रुपये बयाणा मागावा. किती हात खिशात जातात ते मोजावे.

समजा, पाच शिंपी मिळून असा उद्योग काढू पाहत आहेत आणि त्यांच्या वस्तीत ३,००० घरे आहेत. सगळ्यांना विचारायची गरज नाही. २०० घरे पुरे, चूक सातएक टक्क्यांची राहील आणि त्यांच्या कामाला तेवढे चालते. मालमत्ता कराची यादी घेतली तर भाडेकरू सुटतात, म्हणून आधी एक दिवस गल्लीगल्ली फिरून दारांना क्रमांक देणे बरे. एक ते पंधरा आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलावी. सात आला तर सातवे घर, बाविसावे, सदतिसावे, असे पुढे जावे. खरी परीक्षा यानंतर येते. बाविसाव्या घराला कुलूप असते. पाहणीला पाठवलेला भाचा म्हणतो, शेजारचे घेऊ. घेऊ नये. दुपारी कुलूप असलेल्या घरातली बाई बहुधा कामावर गेलेली असते आणि तयार सूट विकत घेणारी नेमकी तीच असते. दुपारी उघडी असलेली घरे मोजून तुम्ही आपले खरे गिऱ्हाईक वगळता. संध्याकाळी जावे, रविवारी जावे, तीनदा जावे. २०० पैकी ३० शेवटपर्यंत भेटली नाहीत तर ३० भेटली नाहीत, असे लिहून ठेवावे.

भाच्यावर भरवसा असला तरी त्याने भरलेल्या दहांतल्या एका घरी स्वतः पुन्हा जाऊन यावे. चहाच्या टपरीवर बसून भरलेले फॉर्म आम्ही पाहिले आहेत. त्यांत उत्तरे फार व्यवस्थित असतात. खऱ्या घरातली उत्तरे थोडी वेडीवाकडी येतात. आणि २०० घरांना निघण्याआधी दहा ओळखीच्या घरी प्रश्न वापरून पाहावेत. ‘वार्षिक उत्पन्न’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला वेगवेगळे वाटते, हे तिथेच कळते.

आतापर्यंत आपण विचारणारे होतो. बहुतेक वेळा आपण विचारले जाणारे असतो. सरकारी पाहणीवाला दारात आला की, आमच्या बाजारात पहिली शंका येते ती कराची. उलाढाल निम्मी सांगितली जाते, कामगार दोनच सांगितले जातात, कित्येकदा ‘मालक नाहीत’ म्हणून बोळवण होते. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली दिलेली माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरायची असते. त्या कामाबाहेरच्या कोणाला ती तुमच्या नावानिशी द्यायला बंदी आहे. येणाऱ्याचे ओळखपत्र जरूर पाहावे, कोणत्या पाहणीसाठी आला ते विचारावे आणि मग खरे सांगावे. नोंदणीकृत कंपनी नसलेल्या, शेती आणि बांधकाम सोडून बाकीच्या छोट्या उद्योगांची पाहणी आता दरवर्षी होते. २०२३-२४ मध्ये असे ७.३४ कोटी उद्योग आणि त्यांत १२.०६ कोटी माणसे काम करताना आढळली. (२०१३-१४ च्या आर्थिक गणनेतल्या ५.८५ कोटी आस्थापनांशी हा आकडा ताडून ‘दीड कोटीने वाढ’ म्हणू नये. त्या गणनेत सरकारी आस्थापना आणि कंपन्याही होत्या, या पाहणीत नाहीत.) या कोटींमध्ये आपली गल्ली किती दिसते, हे आपण दारात काय सांगतो त्यावरही अवलंबून आहे. सामायिक सुविधा केंद्र कुठे काढायचे, कोणत्या कारागिरांचा समूह धरायचा, हे ठरवणारे अधिकारी असेच तक्ते समोर घेऊन बसतात.

त्यातही सर्वांत जास्त सुटते ते घरात बसून केलेले काम. जरीकाम, विडी वळणे, बांगड्यांवर खडे लावणे, काज-बटण. पाहणीवाला दारात उभा राहून घरच्या पुरुषाला विचारतो, ‘बाई काही काम करतात का?’ तो सवयीने म्हणतो, ‘नाही, घरीच असते.’ फॉर्मवर ‘घरकाम’ असे लिहिले जाते आणि माणूस पुढच्या दाराकडे वळतो. आत चटईवर ती साडीवर टिकल्या लावीत बसलेली असते. हाच प्रश्न तिला स्वतःला विचारला आणि ‘काम’ हा शब्द न वापरता विचारला, ‘गेल्या महिन्यात या घरातून किती साड्या भरून गेल्या, आणि एका साडीमागे काय मिळाले?’, तर हातातली सुई न थांबवता ती साड्यांची संख्या सांगते, दर सांगते आणि दलालाकडे किती बाकी आहे तेही सांगते.